भ्रूण गर्भाशयात रुजते तेव्हा सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

आपण कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवता आणि दोनदा केलेल्या आयव्हीएफनंतर (शरीराबाहेर फलन करून भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या उपचारानंतर) ‘भ्रूण चिकटले नाही’ एवढेच उत्तर आपल्याला मिळाले, असे आपण लिहिले आहे. आपले प्रश्न दोन आहेत. भ्रूण गर्भाशयाच्या अस्तरात रुजते त्या दिवसांत पेशींच्या पातळीवर नेमके काय दिसते, आणि ते रुजले नाही तर अस्तराचा तुकडा तपासून कारण सापडते का? मी हिस्टोपॅथॉलॉजिस्ट, म्हणजे ऊतींचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासणारी डॉक्टर, आहे आणि माझे बहुतेक काम स्त्रीरोग विभागातून येणाऱ्या ऊतींवर चालते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्यावर अवलंबून असल्यामुळे पहिल्यावर अधिक वेळ घेते. पुढे जिथे दिवस सांगितले आहेत तिथे ते फलनानंतरचे समजावेत. पाळीच्या चक्रातले दिवस असतील तर तसे वेगळे म्हटले आहे.

पाठ्यपुस्तकातल्या आकृतीत गोल भ्रूण अस्तराच्या खळग्यात बसलेले दाखवतात. ती आकृती पाहून असे वाटते की भ्रूण येते, टेकते आणि अस्तर त्याला जागा देऊन स्वस्थ राहते. प्रत्यक्ष काप पाहिले की दोन गोष्टी लगेच ध्यानात येतात. माणसाचे भ्रूण पृष्ठभागावर राहत नाही. बाराव्या दिवसाच्या सुमारास ते पूर्णपणे अस्तराच्या आत गेलेले असते आणि त्याच्या वरच्या बाजूने आईच्या पेशींचा थर पुन्हा जुळून आलेला असतो. शिवाय ज्या अस्तरात ते शिरते ते अस्तर भ्रूण येण्यापूर्वीच बदलू लागलेले असते, आणि पुढचे बरेचसे काम तेच करते. रुजणे ही दोन्ही बाजूंनी चालणारी क्रिया आहे, आणि माझ्या मते आपल्या दुसऱ्या प्रश्नातली अडचण नेमकी इथेच आहे.

एवढ्या लहान वयाचे भ्रूण जागच्या जागी पाहणे जवळजवळ अशक्य असते, कारण त्या वेळी स्त्रीला आपण गरोदर आहोत याची कल्पनाही नसते. या दिवसांबद्दल जे काही प्रत्यक्ष पाहून माहीत झाले, ते बहुतांशी एकाच संग्रहातून आले आहे. १९३८ पासून पुढे सुमारे दीड दशक, अमेरिकेत बोस्टनला लागून असलेल्या ब्रुकलाइन येथील फ्री हॉस्पिटल फॉर विमेन या रुग्णालयात आर्थर हर्टिग हे पॅथॉलॉजिस्ट आणि जॉन रॉक हे स्त्रीरोगतज्ज्ञ यांनी, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया आधीच ठरलेल्या दोनशेहून अधिक स्त्रियांची गर्भाशये अत्यंत बारकाईने तपासली. शस्त्रक्रियेची वेळ बीज सुटण्याच्या दिवसाशी जुळवून ठरवली जाई आणि स्त्रिया पाळीच्या व संबंधांच्या तारखा टिपून ठेवत. त्यातून पहिल्या सतरा दिवसांतली ३४ भ्रूणे मिळाली. बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत त्यांचे सलग काप तयार झाले, आणि भ्रूणविकासाचे जे ‘कार्नेगी टप्पे’ आपण शिकवता त्यातल्या पाचव्या टप्प्याचे तीन उपविभाग मुख्यतः याच कापांवर उभे आहेत. हे रुग्णालय प्रामुख्याने पैसे भरू न शकणाऱ्या स्त्रियांसाठी होते, आणि आजच्या कोणत्याही नैतिक समितीने असा अभ्यास मान्य केला नसता. वर्गात ती आकृती काढताना ती कोणाच्या शरीरातून आली हेही विद्यार्थ्यांना सांगावे, असे मला मनापासून वाटते.

आता अस्तराकडे वळू. २८ दिवसांचे चक्र धरले तर चौदाव्या दिवसाच्या आसपास बीज सुटते आणि प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक वाढू लागते. सोळाव्या-सतराव्या दिवशी ग्रंथींच्या पेशींत केंद्रकाच्या खाली स्वच्छ पोकळ्या दिसू लागतात. त्यांत ग्लायकोजेन असते, पण स्लाइड बनवण्याच्या नेहमीच्या प्रक्रियेत ते धुऊन गेल्यामुळे तिथे रिकामी जागा उरते. सतराव्या दिवशी या पोकळ्या आणि त्यांच्यावर उचलली गेलेली केंद्रके अशा सरळ ओळीत असतात की नवशिक्या डॉक्टरलाही ती स्लाइड ओळखता येते. मग स्राव ग्रंथीच्या पोकळीत उतरतो. बाविसाव्या दिवसाच्या सुमारास ग्रंथींमधल्या आधार-ऊतीत पाणी भरून ती सैल, फिकट दिसते. तेविसाव्या दिवशी सर्पिल धमन्या ठळक होतात आणि त्यांच्याभोवतीच्या पेशी फुगू लागतात. ही दिनदर्शिका नॉयस, हर्टिग आणि रॉक यांनी १९५० मध्ये मांडली आणि आम्ही अजूनही तीच भाषा वापरतो. भ्रूण स्वीकारण्याची मुदत साधारण विसाव्या ते चोविसाव्या दिवसांची मानली जाते. त्या दिवसांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून पाहिले तर पृष्ठभागावरच्या पेशींचे बारीक केसांसारखे अंकुर कमी झालेले दिसतात आणि काही पेशींच्या माथ्यावर फुगवटे येतात, ज्यांना पिनोपोड म्हणतात. मात्र हे फुगवटे भ्रूण रुजण्यासाठी आवश्यकच आहेत, हे माणसात सिद्ध झालेले नाही. त्यांची छायाचित्रे दाखवून कोणी ठाम निष्कर्ष काढत असेल तर सावध राहावे.

दुसऱ्या बाजूने येणारा ब्लास्टोसिस्ट, म्हणजे या वयाचे भ्रूण, हा जेमतेम ०.१ ते ०.२ मिलिमीटरचा, शंभर-दोनशे पेशींचा पोकळ गोळा असतो. बाहेरून एका थराची ट्रोफोब्लास्टची भिंत, आत द्रव, आणि एका बाजूला आतल्या पेशींचा पुंजका, ज्यातून पुढे मूल घडते. पाचव्या-सहाव्या दिवशी तो भोवतीच्या पारदर्शक कवचातून बाहेर पडतो. कवच असेपर्यंत तो कुठेही चिकटू शकत नाही. माणसात तो ज्या बाजूला आतला पुंजका असतो त्याच बाजूने अस्तराला टेकतो. उंदरात याच्या उलट बाजू टेकते, आणि म्हणूनच उंदरावरून काढलेले निष्कर्ष माणसाला लावताना हात राखून बोलावे लागते. टेकण्याच्या क्षणी दोन्ही पृष्ठभागांवरचे रेणू एकमेकांना धरतात. ट्रोफोब्लास्टवर एल-सिलेक्टिन हे प्रथिन असते आणि अस्तराच्या पेशींवर त्याला जुळणाऱ्या शर्करासाखळ्या असतात, हे २००३ मध्ये दाखवले गेले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला धरण्यासाठी हीच जोडी वापरतात.

सहाव्या-सातव्या दिवशी खरा बदल सुरू होतो. टेकलेल्या जागची ट्रोफोब्लास्ट झपाट्याने वाढते आणि तिचे दोन प्रकार होतात. आतला थर म्हणजे सायटोट्रोफोब्लास्ट: सुट्या सुट्या पेशी, प्रत्येकीला एक केंद्रक, फिकट पेशीद्रव्य आणि स्पष्ट सीमा, विभाजन याच थरात दिसते. बाहेरचा थर म्हणजे सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट, आणि शरीरात याच्यासारखी दुसरी ऊती सहसा पाहायला मिळत नाही. यात पेशींच्या सीमाच नसतात. गडद गुलाबी-जांभळ्या, ठिकठिकाणी पोकळ्या पडलेल्या एका सलग पेशीद्रव्यात असंख्य काळपट केंद्रके विखुरलेली असतात. हा थर स्वतः विभागत नाही. आतल्या थरातल्या पेशी त्यात विलीन होत राहतात आणि तो वाढत जातो. हे विलीन होणे ज्या प्रथिनांमुळे घडते त्यांतले एक म्हणजे सिन्सिटिन. ते बनवणारे जनुक मुळात एका रेट्रोविषाणूच्या आवरणाचे आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या जनुकसंचात तो विषाणू शिरला आणि तिथेच राहिला. २००० साली हे प्रसिद्ध झाले तेव्हा पेशीशास्त्राशी संबंध असलेल्या कोणालाही आनंद झाला नसता तरच नवल. बारावीच्या विद्यार्थ्यांना उत्क्रांती शिकवताना याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

हा सलग थर अस्तराच्या पृष्ठपेशींच्या मधून आत घुसतो. साडेसात दिवसांच्या सुमाराचे जे काप उपलब्ध आहेत त्यांत भ्रूणाची खालची बाजू अस्तरात आणि वरची पातळ भिंत अजून पोकळीकडे उघडी, असे अर्धवट रुजलेले रूप दिसते. आतल्या पुंजक्यातही याच वेळी मांडणी होते: वरच्या उंच पेशींचा एपिब्लास्ट, खालच्या बुटक्या पेशींचा हायपोब्लास्ट, आणि एपिब्लास्टच्या वर एक चिंचोळी फट, जिची पुढे गर्भजलाची पोकळी होते. अस्तराच्या वाटेत आलेल्या पेशी मृत होतात आणि त्यांचे अवशेष ट्रोफोब्लास्ट गिळून टाकते. आश्चर्य असे की एवढी घुसखोरी होऊनही त्या कापांत मोठा दाह किंवा ऊतींचा विध्वंस दिसत नाही. २०२५ मध्ये बार्सिलोनातल्या संशोधकांनी मानवी भ्रूणे कोलॅजेनच्या कृत्रिम जाळीत वाढवून त्यांचे आत शिरणे प्रत्यक्ष चित्रित केले. त्यात भ्रूण भोवतीची जाळी स्वतःकडे खेचते आणि तिच्यात खोल जाते, तर उंदराचे भ्रूण पृष्ठभागावर पसरते, असे दिसले. जुन्या स्थिर कापांवरून जे तर्क करत होतो त्याला ही हालचाल पाहून बळ मिळाले.

आठव्या-नवव्या दिवसापासून सिन्सिशिओट्रोफोब्लास्टमध्ये लहान लहान पोकळ्या तयार होतात. त्यांना लॅक्युना म्हणतात. बाहेरची वाढ अस्तरातल्या रुंदावलेल्या केशवाहिन्यांपर्यंत पोहोचली की त्या फुटतात आणि आईचे रक्त या पोकळ्यांत झिरपू लागते. अकराव्या-बाराव्या दिवसाच्या नमुन्यांत पोकळ्या एकमेकींना जोडल्या गेलेल्या दिसतात, आणि प्रवेशाची जागा आधी रक्ताच्या गुठळीने व नंतर पृष्ठपेशींनी झाकलेली असते. सिन्सिशिओट्रोफोब्लास्ट याच दिवसांत एचसीजी हे संप्रेरक आईच्या रक्तात सोडते, आणि रक्तचाचणी ‘पॉझिटिव्ह’ येते ती यामुळे. तेराव्या-चौदाव्या दिवशी सायटोट्रोफोब्लास्टचे स्तंभ या थरात घुसून पहिले अंकुर तयार करतात. त्यांत पुढे आधार-ऊती आणि एकविसाव्या दिवसाच्या सुमारास रक्तवाहिन्या येतात, आणि वार (प्लासेंटा) आकार घेऊ लागते.

मात्र लॅक्युनांत रक्त आले म्हणजे लगेच वारेचे रक्ताभिसरण जोरात सुरू झाले, असे नाही. अंकुरांच्या टोकांपासून निघालेल्या, अंकुराबाहेरच्या ट्रोफोब्लास्ट पेशी अस्तरात पसरतात आणि सर्पिल धमन्यांच्या तोंडाशी दाटून त्या जवळजवळ बुजवून टाकतात. त्यामुळे साधारण दहाव्या ते बाराव्या आठवड्यापर्यंत भ्रूण कमी ऑक्सिजनच्या वातावरणात वाढते आणि त्याचे पोषण बऱ्याच अंशी अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावातून होते. चक्राच्या सतराव्या दिवशी केंद्रकाखाली दिसणाऱ्या पोकळ्यांचा संबंध इथपर्यंत येतो.

या सगळ्यात आईच्या पेशी काय करतात? आधार-ऊतीतल्या सडपातळ पेशी मोठ्या, बहुकोनी, फिकट गुलाबी होतात, त्यांत ग्लायकोजेन आणि मेद साठतो, त्यांच्या सीमा स्पष्ट होतात आणि त्या एकमेकींना लागून फरशीसारख्या बसतात. या बदललेल्या अस्तराला डेसिड्युआ म्हणतात. ज्या प्राण्यांत हा बदल होतो त्यांपैकी बहुतेकांत तो भ्रूण टेकल्यानंतर होतो; माणसात तो दर महिन्याला, भ्रूण नसतानाही सुरू होतो. पहिल्या तिमाहीत या थरात जेवढ्या पांढऱ्या पेशी असतात त्यांपैकी सुमारे सत्तर टक्के गर्भाशयातल्या खास नॅचरल किलर पेशी असतात. नाव ऐकून अनेक स्त्रिया घाबरतात, आणि रक्तातल्या अशा पेशी मोजून त्या ‘दाबण्यासाठी’ महागडी औषधे दिली जातात. गर्भाशयातल्या या पेशी रक्तातल्या पेशींपेक्षा वेगळ्या आहेत. त्यांचे मुख्य काम धमन्यांचे रूपांतर घडवण्यात आणि ट्रोफोब्लास्टची घुसखोरी योग्य मर्यादेत ठेवण्यात आहे. २०१८ मध्ये पहिल्या तिमाहीतल्या वारेच्या आणि डेसिड्युआच्या सुमारे ७०,००० पेशी एकेक करून तपासल्या गेल्या, तेव्हाही तिथे दाह आवरणारी व्यवस्थाच ठळकपणे दिसली. डेसिड्युआ नसेल तर काय होते हे सिझेरियनच्या जुन्या व्रणावर दिसते: तिथे हा थर पातळ किंवा गायब असतो, आणि वार थेट स्नायूत रुतून बसते. प्रसूतीच्या वेळी त्यातून होणारा रक्तस्राव जिवावर बेततो.

रोजच्या कामात हे कसे दिसते ते एका स्लाइडच्या आधारे सांगते. क्युरेटिंग केल्यावर, म्हणजे गर्भाशयाचे अस्तर खरवडून काढल्यावर, आलेले तुकडे फॉर्मालिनमधून पॅराफिनच्या ठोकळ्यात जातात आणि त्यांचे चार-पाच मायक्रॉनचे काप होतात. कमी शक्तीच्या भिंगाखाली फिकट गुलाबी डेसिड्युआचे पट्टे, रक्त आणि फुगलेल्या ग्रंथी दिसतात. ग्रंथींच्या काही पेशींची केंद्रके अवाढव्य आणि काळी असतात आणि पोकळीत डोके काढून उभी असतात. पेरूचे पॅथॉलॉजिस्ट हाविएर आरियास-स्टेला यांनी १९५४ मध्ये हा बदल वर्णिला. तो गर्भधारणेच्या संप्रेरकांमुळे होतो, कर्करोगाचा नसतो. आता अंकुर शोधायचे. ते सापडले तर गर्भ पिशवीतच होता हे नक्की. सापडले नाहीत तर चाळीसच्या भिंगाखाली डेसिड्युआच्या फिकट पेशींमध्ये अंकुराबाहेरच्या ट्रोफोब्लास्ट पेशी शोधायच्या: वेडीवाकडी काळपट केंद्रके, दाट पेशीद्रव्य, भोवती फायब्रिनॉइडचा चकचकीत गुलाबी पदर, आणि काही पेशी थेट धमनीच्या भिंतीत. शंका असेल तर सायटोकेरॅटिन या प्रथिनाला रंग देणारे रंजन करतो; ट्रोफोब्लास्ट तपकिरी होते, डेसिड्युआ होत नाही. नुसता डेसिड्युआ आणि आरियास-स्टेला बदल दिसला, पण भ्रूणाकडची एकही पेशी दिसली नाही, तर गर्भ बीजवाहक नळीत असू शकतो, आणि मी अहवाल टाइप होण्याची वाट न पाहता त्या डॉक्टरांना फोन करते.

आता आपला दुसरा प्रश्न. ज्या महिन्यात भ्रूण रुजले नाही त्या महिन्याचे अस्तर पाळीबरोबर निघून गेलेले असते. नंतर घेतलेला तुकडा दुसऱ्या महिन्याचा असतो आणि त्यात भ्रूण नसते. दोन बाजूंच्या क्रियेतली एकच बाजू, तीही वेगळ्या वेळची, माझ्यासमोर येते. भ्रूणाच्या बाजूची कारणे, विशेषतः गुणसूत्रांच्या संख्येतले दोष, अस्तराच्या कोणत्याही स्लाइडमध्ये दिसत नाहीत. नैसर्गिक गर्भधारणेतही रुजण्याच्या वेळेला महत्त्व आहे. १९९९ मध्ये विलकॉक्स आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सहा आठवडे टिकलेल्या गर्भधारणांपैकी ८४ टक्क्यांमध्ये भ्रूण बीज सुटल्यानंतर आठव्या ते दहाव्या दिवशी रुजले होते. नवव्या दिवसापर्यंत रुजलेल्यांत लवकर गर्भ गळण्याचे प्रमाण १३ टक्के होते, अकराव्या दिवशी रुजलेल्यांत ५२ टक्के आणि त्यानंतर रुजलेल्यांत ८२ टक्के. उशिरा रुजणे हे कारण की आधीच दुबळ्या भ्रूणाचा परिणाम, हे या आकड्यांवरून ठरत नाही.

अस्तराला मुद्दाम ओरखडा काढण्याचा उपाय काही वर्षे सर्वत्र केला गेला. २०१९ मध्ये १,३६४ स्त्रियांवरच्या चाचणीत ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या दोन्ही गटांत जिवंत अपत्यजन्माचे प्रमाण २६.१ टक्केच निघाले. अस्तराच्या जनुकांवरून भ्रूण सोडण्याचा ‘नेमका तास’ सांगणाऱ्या चाचणीचाही २०२२ मधल्या मोठ्या अभ्यासात फायदा दिसला नाही. यांसाठी पुन्हा पैसे भरण्याआधी डॉक्टरांशी या निष्कर्षांविषयी जरूर बोला. भ्रूण सोडल्यानंतर आपण किती दिवस अंथरुणावर होता, हेही आपण काळजीने लिहिले आहे. गर्भाशयाची पोकळी मोकळ्या खोलीसारखी नसते; तिच्या दोन्ही भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात आणि त्यांच्या मधल्या पातळ द्रवात भ्रूण असते. उठल्या-बसल्याने किंवा जिना चढल्याने ते पडत नाही, आणि अंथरुणावर पडून राहिल्याने यश वाढते असे अभ्यासांत दिसलेले नाही. आपल्या चालण्या-फिरण्याने काही बिघडले, हा विचार कृपया मनातून काढून टाका.

तरीही दोन गोष्टींसाठी तुकडा तपासणे योग्य ठरते. पहिली म्हणजे जुना दाह: आधार-ऊतीत प्लाझ्मा पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) दिसतात, आणि साध्या रंजनात त्या निसटू शकतात म्हणून त्यांना उठून दाखवणारे सीडी-१३८ हे रंजन केले जाते. किती पेशींना आजार म्हणायचे यावर एकमत नाही, त्यामुळे एक-दोन पेशी मिळाल्या म्हणून लगेच निदान होत नाही. दुसरी म्हणजे गर्भाशयाचा क्षयरोग, जो आपल्याकडे विसरून चालत नाही. अस्तर दर महिन्याला निघून जात असल्याने त्याच्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, पूर्ण तयार व्हायला वेळच मिळत नाही. म्हणून तुकडा पाळीच्या अगदी आधीच्या दिवसांत घ्यावा लागतो. असा तुकडा घ्यायचे ठरले तर तो दोन भागांत पाठवायला सांगावे. एक भाग फॉर्मालिनमध्ये आमच्यासाठी, आणि दुसरा फॉर्मालिन न लावता, निर्जंतुक सलाइनमध्ये, कल्चर आणि जनुकीय चाचणीसाठी, कारण फॉर्मालिनमध्ये जंतू मरतात आणि मग कल्चर होऊच शकत नाही. मागणीपत्रावर शेवटच्या पाळीची तारीख, चक्र किती दिवसांचे, आणि प्रोजेस्टेरॉन चालू असल्यास ते कोणत्या दिवसापासून, हे लिहिलेले असावे. बाहेरून संप्रेरके दिलेली असतील तर ग्रंथी आणि आधार-ऊती यांची वये जुळत नाहीत, आणि ही माहिती नसेल तर तो औषधाचा परिणाम असूनही आजार समजला जाण्याची शक्यता असते.